बावखल, मिठागर आणि बिबट्याची वाट

२०२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि किल्ल्याभोवतालचं रोजचं जगणं बदलून गेलं. पहाटे फिरायला येणारे घरी थांबले. किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांतली माणसं अंधार पडल्यावर किल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्याने एकटीदुकटी जाईनाशी झाली. महिनाभरापूर्वीच सुरू झालेल्या वसई–भाईंदर रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्यांवर निर्बंध आले. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे लावले, आणि साडेतीन आठवड्यांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिलमध्ये ते जनावर पिंजऱ्यात आलं.

हा किल्ला खाडीच्या मुखाशी, अगदी पश्चिमेला आहे. बिबट्यांचं जंगल पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगरात. या दोहोंच्या मधे मुंबई–अहमदाबाद महामार्ग, वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहती, पश्चिम रेल्वेचे रूळ आणि लाखो माणसांची वस्ती. डोंगरापासून किल्ल्यापर्यंत आडोशाने यायचं तर खाडीकाठची कांदळवनं आणि मिठागरांच्या कडेची झुडपं सोडून दुसरी सलग झाडी आता फारशी उरलेली नाही. वसई-विरारमध्ये जमिनीचा कुठला तुकडा घराला द्यायचा आणि कुठला पाण्याला, झाडाला, जनावराला ठेवायचा, हा प्रश्न त्या साडेतीन आठवड्यांत शहराच्या दारात येऊन उभा राहिला. प्रश्न मात्र नवा नाही. या भूमीवर माणूस वस्ती करतो आहे तेव्हापासूनचा तो आहे, आणि दीर्घकाळ त्याचं उत्तरही इथल्या लोकांना ठाऊक होतं.

वसईची जमीन आधी समजून घ्यायला हवी. दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरची रांग. समुद्राकाठी थोडी उंच, रेताड, गोड्या पाण्याची पट्टी. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत गावं वसली ती याच पट्टीवर: गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी. तिच्या मागे सखल जमीन, जिच्यात भरतीचं पाणी शिरायचं आणि पावसाचं पाणी साचायचं. ही खाजणं, खारी शेतं आणि मिठागरं. त्यापलीकडे डोंगराचा पायथा. डोंगरावर पडलेला पाऊस नाल्या-ओढ्यांनी उतरून या सखल पट्ट्यात पसरतो, आणि ओहोटी लागली की खाडीवाटे समुद्राला मिळतो. पाण्याला पसरायला जागा आणि थांबायला वेळ लागतो. इथल्या जुन्या वस्तीने या दोन्ही गोष्टी त्याला दिल्या होत्या.

वस्ती जुनी म्हणजे किती जुनी, ते नालासोपाऱ्यात दिसतं. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे मिळाले, आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटात उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. ज्या खाडीच्या जोरावर हे बंदर भरभराटीला आलं, ती पुढे गाळाने भरत गेली आणि जहाजं दुसरीकडे वळली. सोपारा खाडी आज पावसाचं पाणी वाहून नेणारा मार्ग म्हणून उरली आहे. म्हणजे इथल्या किनाऱ्याचा नकाशा निसर्गानेही बदलला, पण त्या बदलाला शतकं लागली. माशाला, झाडाला आणि माणसालाही सावरायला अवधी मिळाला.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं राहिली. बांधकामाचा खरा धंदा इथे तेव्हा उभा राहिला. वसईचा काळा दगड जहाजांत घालून गोव्याला जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकाच्या दर्शनी भागाला तोच दगड आहे. आगाशीला जहाजं बांधली जात. किल्ल्याच्या तटाआड चर्चं, मठ आणि श्रीमंतांचे वाडे झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला तेव्हा तटाआडचं हे शहर मोठं होतं. तरी त्या साऱ्या काळात तटाबाहेरची खाजणं खाजणंच राहिली. भरतीच्या जमिनीवर घर टिकत नाही, हे दगड घडवणाऱ्यालाही माहीत होतं आणि भात लावणाऱ्यालाही.

खाजणात माणसाने हात घातला तो बांध घालून. मातीचा बांध, त्यात उघडझाप करणारी उघाडी. भरतीचं पाणी अडवायचं, पावसाचं पाणी ओहोटीला सोडून द्यायचं. उत्तर कोकणात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत आणि बांध राखण्याचं काम ती जमीन कसणाऱ्यांनी करायचं असे. बांध फुटला की शेत पुन्हा खारं होई, म्हणून बांधाची काळजी सगळ्या गावाला. बांधाच्या बाहेर तिवरं उभी असत आणि ती तोडून चालत नसे, कारण लाटेचा मार बांधाआधी तिवरं सोसत. तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबीची पिल्लं. कोळणी ओहोटीला चिखलात उतरून कालवं आणि चिंबोऱ्या काढत. घर उंचावर, भात सखलात, मीठ त्याहून खाली आणि मासळी खाडीत: एकाच पाण्यावर चौघांचा संसार चालायचा.

गोड्या पाण्याची सोय याहून नाजूक होती. समुद्रकाठच्या वाडीत विहीर खणली तर काही हातांवर पाणी लागतं, पण ते गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत असतं. वरचा साठा कमी झाला की खालून खारट पाणी चढतं. वसईकरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे बावखल. पायऱ्या नाहीत, चिरेबंदी काठ नाही, वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेलं मातीचं तळं. मृगाच्या पावसात ते भरू लागतं, श्रावणात काठोकाठ होतं, आणि मग महिनोन्महिने हळूहळू जमिनीत मुरत राहतं. शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं ते त्याच्यामुळे. काठावर केळी, सुपारी, पानवेली. पाण्यावर खंड्याचा निळा झोत, कडेच्या गवतात पाणकोंबडी, चिखलात दबा धरून बसलेला वंचक, पावसाच्या पहिल्या रात्री बेडकांचा गलका. पूर्वी विहिरींवर बैलाने ओढायचे रहाट असत. रहाटाचा वेग बैलाचा वेग होता, त्यामुळे विहिरीतून उपसलं जाणारं पाणी आणि बावखलातून मुरणारं पाणी यांचा मेळ बसायचा.

आगाशीची सुकेळी, वसईची वेलची केळी, पानमळे, फुलं आणि भाजी हे सगळं याच पाण्यावर पिकलं. सामवेदी, वाडवळ, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आगरी, कोळी, मांगेले, आणि डोंगराकडच्या बाजूला वारली, मल्हार कोळी, कातकरी अशा सगळ्यांनी आपापली घरं या जमिनीच्या चढउताराला धरून बांधली. वाडीतलं घर वाडीच्या मधोमध, जोत्यावर, कौलारू. अंगणातून पाणी उतरतं ते बावखलात. कुणी त्याला पर्यावरण संरक्षण म्हटलं नव्हतं. घर कोरडं राहावं आणि विहीर गोडी राहावी एवढाच त्यामागचा व्यवहार होता. खंड्याची, कासवाची आणि बेडकाची सोय त्या व्यवहारात आपोआप व्हायची.

१८६४ मध्ये गुजरातकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईकडे गेला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तेव्हा स्थानकं गावांपासून दूर, शेतांच्या मधे आली. वसई रोड स्थानक जुन्या वसईपासून काही किलोमीटरवर, माणिकपूर आणि नवघरच्या शिवारात. लोकलने वसईची भाजी, फुलं, दूध आणि मासळी मुंबईच्या बाजारात पोचवली. पुढची शंभरेक वर्षं गाडी प्रामुख्याने माल आणि चाकरमाने घेऊन जात राहिली. घरं मात्र गावातच राहिली.

मुंबईची जागा संपत आली, घरांचे भाव गिरणगावातल्या आणि उपनगरांतल्या पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि १९८० च्या दशकात ही दिशा उलटली. लोकलच्या टोकाशी असलेलं विरार, नालासोपारा आणि वसई रोड हे मध्यमवर्गीयांचं, आणि त्यांच्याही खालच्या उत्पन्न गटांचं, घर घेण्याचं ठिकाण झालं. चाळीतल्या एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि संडास असलेलं घर इथे मिळत होतं. ही गरज खरी होती आणि आजही तेवढीच खरी आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्याची बाजू घेताना ती नजरेआड करणं अन्यायाचं ठरेल.

पण ती भागवण्याची जी रीत निवडली गेली, तिने जमिनीचा जुना हिशेब मोडला. १९८८ मध्ये वसईच्या हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. १९९० मध्ये सिडकोला वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमण्यात आलं. आधी जमीन खुली झाली, नियोजन करणारी संस्था मागाहून आली आणि त्या संस्थेच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळता मिळता २००७ साल उजाडलं. मधल्या काळात इमारती आराखड्याची वाट बघत थांबल्या नव्हत्या. नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेला भातशेतीत इमारती उठल्या, नाल्यांचे मार्ग आक्रसले, आणि मातीभरावाचे ट्रक हे इथल्या रस्त्यांवरचं नेहमीचं दृश्य झालं.

नव्या इमारतींना पाणी हवं होतं, आणि नळाचं पाणी पुरेसं नव्हतं. पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरून जाऊ लागले. रहाटाने जे पाणी दिवसभरात उपसलं जाई, ते पंप तासाभरात खेचू लागला. गावोगावच्या विहिरी मचूळ झाल्या, पानवेली आणि केळी करपू लागली. या अस्वस्थतेतूनच हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे प्रणेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखाल परिसरात १९४२ मध्ये जन्मलेले धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि मराठीतले मान्यवर लेखक. बिल्डरांची आणि गुंडांची दहशत असलेल्या त्या काळात त्यांनी गावकऱ्यांना रस्त्यावर आणलं. या चळवळीत चर्च, देऊळ, शेतकरी, शिक्षक, तरुण असे सगळेच होते, आणि त्यांची मागणी साधी होती: वसईची शेती, झाडी आणि भूजल ओरबाडून शहर वाढवू नका. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आलं, तेव्हा त्यांच्या साहित्याबरोबर या लढ्याचाही सन्मान झाला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

चळवळीने पश्चिमेच्या गावांतला हिरवा पट्टा पुष्कळसा राखला. नकाशावर आजही रुळांच्या पूर्वेला राखाडी आणि पश्चिमेला हिरवं अशी वसई दिसते, तिचं मोठं श्रेय या लोकांना आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हाही गावांनी जोरदार विरोध केला. महापालिका आली की वाड्यांवर इमारती येणार, ही त्यामागची भीती होती. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याची अधिसूचना निघाली आणि ते प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती.

दुसऱ्या बाजूला, पूर्वेच्या डोंगरात, २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झालं. साधारण ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला आहे. पेल्हार धरणात येणारं पाणी याच डोंगरांवरून उतरतं, म्हणजे शहराची तहानही या झाडीशी बांधलेली आहे. बिबट्याच्या दृष्टीने तर हे अभयारण्य म्हणजे मुंबईतल्या राष्ट्रीय उद्यानाचं उत्तरेकडचं दार. ते बंद झालं तर बोरिवली-ठाण्यातले बिबटे चारी बाजूंनी शहराने वेढलेल्या बेटावर अडकतील, आणि पिढ्यानपिढ्या आपसातच वीण होत राहिली की कुठल्याही जनावराचा वंश दुबळा होतो.

हे दार वापरात आहे, याचा पुरावा एका म्हाताऱ्या बिबट्याने दिला. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर विहिरीत पडला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. वयामुळे त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. सोडल्यानंतर तो पश्चिमेला चालत सुटला. कसारा स्थानकाजवळून गेला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून गेला, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. वाटेत त्याने कुणाही माणसाला इजा केली नाही. माणसं झोपलेली असताना तो त्यांच्या घरांच्या कडेने गेला, आणि पट्ट्याने संदेश पाठवला नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. २०११ च्या डिसेंबरमध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर पुढे ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही निघाला.

पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानातल्या काही बिबट्यांना पट्टे बांधून अभ्यास झाला. त्यातल्या ‘महाराजा’ नावाच्या नराच्या फिरण्यातून दिसलं, की उद्यान आणि तुंगारेश्वर यांच्यामधला रेल्वेमार्ग आणि चिंचोटी–भिवंडी रस्ता बिबटे ओलांडतात. म्हणजे कामण, जूचंद्र, चिंचोटीच्या आसपासची मोकळी टेकाडं, ओढे आणि माळ ही कुणाच्या सातबाऱ्यावर पडीक जमीन असेल, पण या मार्जारकुळाच्या लेखी ती वहिवाटीची वाट आहे. २०१९ मध्ये तुंगारेश्वरभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. त्याच कामण-पेल्हार पट्ट्यात स्वस्त चाळी आणि गोदामं झपाट्याने वाढली. जंगलाची हद्द कागदावर स्थिर आहे, पण तिच्या बाहेरची जी जमीन जंगलाला दुसऱ्या जंगलाशी जोडते, तिला स्वतःचं नाव नाही आणि पुरेसं संरक्षणही नाही.

किनाऱ्यावरचा कायदाही असाच हळूहळू, एकेका ओळीने आला. १९९१ मध्ये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटरमधलं बांधकाम यांवर बंदी घातली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. या सगळ्याने मोठ्या प्रमाणावरची उघड तोड बरीच थांबली.

पण तिवराला मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरतीचं पाणी जिथून आत येतं त्या चरावर रात्रीतून चार-दोन ट्रक राडारोडा टाकला, तरी पुरतं. पाणी येणं थांबतं. आधी चिखल भेगाळतो, निवट्या आणि खेकडे नाहीसे होतात, मग पानं पिवळी पडतात, आणि काही महिन्यांनी तिथे वाळलेली काटकं उभी असतात. मग ती काटकं जळणाला जातात. त्यावर माती पडते, मातीवर पत्र्याची शेड येते, शेडच्या जागी चाळ. पंचनामा करायला माणूस येतो तेव्हा झाडही नसतं आणि पाणीही नसतं. बावखलांचं असंच झालं. पुष्कळशी बावखलं खासगी वाड्यांतली. वाडी विकली गेली, की खड्डा म्हणून पहिल्यांदा तेच बुजवलं जातं. महाराष्ट्रातल्या अशा तळ्या-डबक्यांत राहणारं पाठीच्या कवचावर कातडं असलेलं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा वाघाला जे संरक्षण देतो तेच त्यालाही देतो. पण ते ज्या डबक्यात राहतं त्या डबक्याला संरक्षण नसेल, तर अनुसूचीतल्या नावाचा त्याला काय उपयोग?

मिठागरांची कथा जराशी वेगळी. नायगाव, राजावली, जूचंद्रकडची मिठागरं म्हणजे बांधांनी आखलेले उथळ वाफे. दिवाळीनंतर त्यांत खाडीचं पाणी घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत आटवत नेतात, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की फळ्यांनी ओढून ढीग रचतात. उथळ खारट पाणी आणि त्यातले बारीक जीव, यासाठी हिवाळ्यात थंड प्रदेशांतून आलेले चिखले, तुतवार आणि खाडीपट्ट्यातले रोहित या वाफ्यांवर उतरतात. पावसाळ्यात मीठ बंद असतं तेव्हा हीच मिठागरं पुराचं पाणी स्वतःवर घेतात. वर्षाचे आठ महिने मीठ, आणि चार महिने शहराचा बचाव. ही पडीक जमीन आहे असं मानून तिच्यावर घरांचे आराखडे पुनःपुन्हा मांडले जातात. मुंबईत धारावी पुनर्वसनासाठी सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाल्यावर खाडीपलीकडच्या मिठागरांबद्दलची धास्तीही वाढली आहे.

या जमिनी काय काम करत होत्या, ते जुलै २०१८ ने दाखवलं. ९ ते ११ जुलैच्या पावसात वसई, नालासोपारा आणि विरार पाण्याखाली गेले. वसई ते विरार लोकल बंद पडली. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसच्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. वसईतल्या मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसं पाण्याने वेढली गेली. तळमजल्यावरची घरं बुडाली, वीज गेली, पिण्याचं पाणी मिळेना. सनसिटी–गास रस्ता, चुळणे गाव, नालासोपारा पूर्व हा सगळा सखल भाग, जिथे शतकानुशतकं पाणी थांबत आलं होतं. ते नेहमीप्रमाणे आपल्या जागी आलं. आता तिथे माणसं राहत होती, एवढाच फरक.

महापालिकेने पुराची कारणं शोधायला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांना नेमलं. त्यांनी सुचवलेल्या उपायांत धारण तलाव आहेत: भरती असेपर्यंत पावसाचं पाणी ज्यांत थोपवून धरायचं आणि ओहोटीला सोडायचं असे मोठे तलाव. उघाडीचा बांध, मिठागर आणि बावखल हेच काम करत आले होते.

घर घेणाऱ्या माणसाचं यात काय होतं, ते नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारतींनी सांगितलं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या बेकायदा उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, आणि २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. सांडपाण्याचं केंद्र राखीव जागी उभं राहत नाही तेव्हा मैलापाणी नाल्यांतून खाडीत जातं, आणि तिथल्या कोलंबीला, चिंबोरीला आणि त्यांवर जगणाऱ्या कोळ्याला त्याची किंमत मोजावी लागते. आयुष्यभराची पुंजी घालून तिथे घर घेणाऱ्या कुटुंबालाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमधली एक बेकायदा इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. माणूस विरुद्ध प्राणी अशी ही लढाई मांडणाऱ्यांनी या दोन घटना समोर ठेवाव्यात. तिवरांवर भराव घालणारा हातच बनावट कागदांवर घर विकतो. खाजण आणि गरीब कुटुंब दोघंही त्याच व्यवहारात बळी जातात.

जगात हा पेच सोडवायचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो डोंगर आहे. तिथे मिशन ब्लू नावाचं दुर्मीळ निळं फुलपाखरू राहतं आणि बिल्डरांना तिथेच घरं बांधायची होती. १९८२ मध्ये तिथल्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात बदल होऊन मार्ग निघाला: फुलपाखराच्या अधिवासाचा बहुतांश भाग कायमचा मोकळा ठेवायचा, उरलेल्यात घरं बांधायची, आणि प्रत्येक घरामागे दरवर्षी ठरावीक रक्कम डोंगराच्या निगराणीसाठी द्यायची. ही योजना निर्दोष नाही. परकी झुडपं काढत राहणं हे तिथे न संपणारं काम झालं आहे, आणि पुढे याच पद्धतीचा वापर अधिवास गमावण्याची परवानगी मिळवण्यासाठी झाल्याची टीकाही आहे. तरी तिच्यातल्या दोन गोष्टी वसईसाठी मोलाच्या आहेत. आधी राखायची जमीन ठरली आणि मग पाया खणला गेला. आणि मोकळ्या जमिनीच्या निगराणीचा खर्च घराच्या हिशेबातच धरला गेला.

वसईत क्रम उलटा राहिला. आधी घर, मग पूर, मग न्यायालय, मग आराखडा. सिडकोच्या आराखड्याची मुदत २०२१ पर्यंतची होती आणि त्यानंतरच्या वीस वर्षांसाठी नवा आराखडा करण्याचं काम सुरू झालं. या आराखड्यात गाव-गावच्या बावखलांची नोंद गट क्रमांकासह व्हायला हवी, खासगी असली तरी. बावखल राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या बदल्यात विकास हक्क किंवा करसवलत मिळावी, कारण त्याच्या तळ्याने शेजाऱ्यांच्या विहिरी जगवल्या आहेत. सोपारा खाडीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची मूळ रुंदी जुन्या मोजणीच्या नकाशावरून काढून आखली जावी. कामण आणि चिंचोटीच्या पट्ट्यातली बिबट्याची वाट पट्टा लावलेल्या जनावरांच्या नोंदींवरून निश्चित करता येते. ती आरक्षण म्हणून दाखवता येते, आणि महामार्ग व लोहमार्गांवर तिला भुयारी मार्ग देता येतात. भरतीचे चर मोकळे ठेवण्याची जबाबदारी कुणा एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहिता येते. आणि परवडणाऱ्या घरांसाठी उंचावरची, अधिकृत, नळ आणि गटार असलेली जमीन सरकारने स्वतः पुढे करायला हवी. ती मिळाली नाही तर लोक पुन्हा खाजणातल्या स्वस्त घराकडेच वळतील.

पश्चिमेच्या गावांत काही तरुणांनी जुनी बावखलं पुन्हा उपसायला घेतली आहेत. गाळ काढायचा, जलपर्णी ओढायची, काठावर झाडं लावायची, आणि घरमालकाला ते बुजवू नकोस म्हणून समजावायचं. त्यांच्या मागे आराखड्याचं बळ असेल तर त्यांना प्रत्येक वाडीच्या दारात जाऊन विनवण्या कराव्या लागणार नाहीत.